गुळगुळीत ठिपका

माझा काका कॉफी पीत नसे. आयुष्यभर त्यानं घरगुती एस्प्रेसो मशीनं दुरुस्त केली, हजारो कप कॉफी पाडून बघितली, आणि स्वतः प्यायचा ते कोमट पाणी. "कडू लागते," म्हणायचा. तपासणीत पाडलेले कप वरच्या मजल्यावरचा शिंपी पिऊन टाकायचा. त्या शिंप्याला दुपारी कधी डुलकी लागली नाही, याचं श्रेय पूर्णपणे काकाचं.

लोक त्याला थांबाकाका म्हणत. घाईतलं गिऱ्हाईक मागच्या खोलीच्या दारात येऊन "झालं का?" म्हणालं, की हा मान वर न करता डावा तळहात उचलायचा आणि म्हणायचा, "थांबा." त्यावर कुणाचं काही चालत नसे. तो माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, एकटा जीव. लग्न केलं नाही. त्याबद्दल विचारलं की म्हणायचा, तिलाही थांबा म्हटलं होतं. हे खरं होतं की थट्टा, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

आमचं दुकान म्हणजे रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली उतरून गेलेल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर, काउंटरमागे बाबा. मागच्या खोलीत लांब टेबल, नळ, दोन दिवे आणि काका. बाबांच्या जिभेवर साखर, गिऱ्हाइकाला बोलण्यात असं गुंतवायचे की आपण बिघडलेलं मशीन घेऊन आलोय हे ते विसरून जायचं. काकाला दोन वाक्यं सलग बोलायची तर घाम फुटायचा. दोघांचा मिळून एक पूर्ण माणूस होतो, असं आई म्हणायची. मी सव्वीस वर्षांची होते, काउंटरवर फोन घ्यायचे, आणि मलाही तसंच वाटायचं.

काका काय करायचा ते नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हे मशीन दिसायला खेळण्यासारखं, पण आत पाणी उकळीला आलेलं आणि दाब मोटारीच्या टायरच्या चौपट. कॉफी पाडून झाली की आत अडकलेला दाब सोडायला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की खालच्या ट्रेमध्ये 'फुस्स' असा आवाज होतो. मग कॉफीची पूड भरलेलं हँडल फिरवून काढायचं. पाण्यातले क्षार आणि कॉफीचा तेलकट गाळ बसून हा व्हॉल्व्ह चोंदतो. चोंदला की फुस्स होत नाही, दाब आतच राहतो, आणि अशा वेळी हँडल काढलं तर उकळता चोथा सरळ मनगटावर उडतो.

म्हणून काका प्रत्येक मशीन उघडायचा, व्हॉल्व्ह धुऊन पुन्हा बसवायचा, आणि मग मशीन चालू करून पंचवीस मिनिटं नुसता बसायचा. सगळा धातू आतून तापल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही, हे त्याचं म्हणणं. मग हँडलमध्ये बिनभोकांची चाळणी घालायचा, तिला तो आंधळी चाळणी म्हणायचा. पंप सुरू, दाबाचा काटा नवावर, बंद, फुस्स. कान ट्रेपाशी. हँडल उघड्या हातानं काढायचं. असं दहा वेळा. दहातलं एक जरी फुस्स त्याला दबकं वाटलं तरी मशीन पुन्हा उघडायचा. एका मशीनला अर्धा दिवस जायचा.

शेवटी खूण. वरचं झाकण उचललं की व्हॉल्व्हचा पितळी नट दिसतो. त्या नटावर काका नेलपॉलिशचा ठिपका लावायचा. नंतर कुणी नट फिरवला तर ठिपका तडकतो आणि लगेच कळतं, हा एक उपयोग. पण लोकांना दुसराच उपयोग ठाऊक होता. ठिपका आहे म्हणजे थांबाकाकानं दहा वेळा स्वतःच्या हातानं हँडल काढलंय. मशीन न्यायला आलेली माणसं झाकण उचलायची, ठिपका बघायची आणि न विचारता घेऊन जायची.

ते नेलपॉलिश माझं होतं. आठ वर्षांची असताना मैत्रिणीनं वाढदिवसाला दिलेलं, पिकलेल्या जांभळाच्या रंगाचं. बाबा भडकले, एवढ्याशा पोरीला हे थेर कशाला म्हणून बाटली कचऱ्यात टाकायला निघाले. काकानं हात पुढे केला. "मला लागणार आहे ती," म्हणाला. कशाला, ते त्यालाही तेव्हा माहीत नसावं. पण त्या दिवसापासून प्रत्येक मशीनवर माझा रंग लागला. बाटली संपली की मीच तसलीच आणून द्यायचे, बुडाशी लिहिलेला नंबर मला पाठ होता. दुपारी मी मागच्या खोलीत तो ठिपका बघायला उभी राहायचे. मशीन तापलेलंच असायचं. नटावर ब्रश टेकला की नेलपॉलिश चटकन आकसायचं, त्यावर बारीक बुडबुडे यायचे, आणि दुधावरच्या सायीसारखं ते सुरकुतून वाळायचं. मला ते फार आवडायचं. बाबा बघायला कधी आले नाहीत. तीस वर्षांत ते मागच्या खोलीत शेवटपर्यंत एकदाही थांबले नव्हते.

त्या वर्षी कामाचा नुसता पूर आला. घरोघरी मशीनं झाली होती आणि दुरुस्त करणारे आम्हीच. काउंटरमागच्या फळीवर मशीनं दाटीवाटीनं उभी असायची, लोक फोनवर माझ्यावर डाफरायचे. एक दिवस बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "काकाची ती बाटली संपत आलीये ना? एक नवीन आणून ठेव. त्याला बोलू नकोस हं. मी देईन त्याला, खूश होईल."

मला इतकं बरं वाटलं. बाबांच्या लक्षात आलं, म्हटलं. मी त्याच दिवशी जाऊन बाटली आणली आणि बाबांच्या हातात दिली.

त्यानंतर काम आपोआप आटोक्यात आलं. फळी रिकामी दिसू लागली. मी मूर्ख, मला वाटलं काकाचा हात बसला असेल.

आठ महिन्यांनी दातांची डॉक्टर आली. काकाची दाढ हिनंच वाचवली होती. हिच्या खुर्चीत काका बसला की ती तळहात उचलून त्यालाच "थांबा" म्हणायची आणि दोघं हसायची. बाई मोठ्या आवाजाची, दुकानात शिरली की वर शिंप्याला कळायचं. त्या दिवशी आवाज नव्हता. उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला. मागून तिचा नवरा मशीन घेऊन उतरला.

"आवाज आला नाही, हे मला कळलं होतं," ती काकाला म्हणाली. "खरंच कळलं होतं हो. पण म्हटलं, आत्ताच तर तुमच्याकडून आलंय. झाकण उचलून तुमचा ठिपका बघितला आणि काढलं हँडल."

काकानं त्या पट्ट्यांकडे बघितलं. मग विचारलं, "बोटं?"

"हलतात. अंगठा अजून नीट वळत नाही. दोन महिने तरी खुर्ची बंद." रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्याकडून असं व्हायला नको होतं."

ते गेल्यावर काका मशीनकडे वळला, तर बाबांनी ते आधीच उचललं होतं. "राहू दे आता. नको त्रास करून घेऊस. तिला आपण नवीन देऊ." असं म्हणत त्यांनी ते काउंटरखालच्या कपाटात घातलं.

"दादा, हे मशीन केल्याचं मला आठवतच नाही," काका म्हणाला.

बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तेच म्हणतोय मी. आठवत नाहीये तुला. वय होतंय, चालायचंच."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आज ते आठवलं तरी अंगाची लाही लाही होते. तेव्हा मात्र मला वाटलं, किती समजूतदार आहेत माझे बाबा.

पुढचे नऊ दिवस काकानं एकाही मशीनला हात लावला नाही. खिशात कागदाचे तुकडे ठेवू लागला. 'दार लावलं.' 'दिवा मालवला.' 'डॉक्टरला फोन केला, बोटं तशीच.' केलेली प्रत्येक गोष्ट लिहायचा आणि पाच मिनिटांनी काढून वाचायचा. दुकान बंद करून निघालो की दोनदा परत जाऊन कुलूप ओढून बघायचा. साठीला आलेला धडधाकट माणूस, त्यानं मला एकदा हळूच विचारलं, "पोरी, मी काल जेवायला आलो होतो ना तुमच्याकडे?" आला होता. आईनं वाढलेलं सगळं ताटात तसंच टाकून गेला होता.

पाचव्या दिवशी बाबा त्याला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. स्वतः गाडी चालवत. घरी येऊन आईला सांगितलं की तीन तास लागले, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. "घाबरला होता गं. मी बाहेर बसून होतो त्याच्यासाठी." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

डॉक्टरांनी सांगितलं, काही झालेलं नाही. काकाचा त्यावर विश्वास बसला नाही. म्हणाला, तपासणाऱ्याचंही चुकतं कधीकधी, माझंच बघा ना.

नवव्या दिवशी बाबा कुठेतरी गेले होते. काका मागच्या खोलीतून उठून आला, काउंटरखालचं कपाट उघडलं आणि डॉक्टरबाईचं मशीन टेबलावर आणलं. "निदान काय राहून गेलं ते तरी बघू दे," म्हणाला. दिवा मी धरला.

त्यानं झाकण उचललं आणि बघतच राहिला. मग चष्मा पुसला, पुन्हा वाकला.

"तू बघ," मला म्हणाला. "माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही आता."

मी बघितलं. जांभळाच्या रंगाचा ठिपका होता. छान गोल, चकचकीत. एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही. माझ्या नखांवर लावल्यावर असायचा तसा गुळगुळीत. थंड मशीनवर लावलेला.

काकानं तळहात उचलला. मी काही बोलतच नव्हते, तरी उचलला. मग पाना घेऊन नट सोडवला. व्हॉल्व्हच्या आत दगड झाला होता, वर्षानुवर्षांचा. हे मशीन कुणी उघडलंच नव्हतं. तो काळपट पांढरा खडा तळहातावर घेऊन काका खुर्चीत बसला आणि पोरासारखा रडायला लागला. मला वाटलं दुःखानं. तर म्हणाला, "मी विसरलो नव्हतो गं. मी हे केलंच नव्हतं. माझं डोकं ठीक आहे."

मला मात्र बाटली आठवली. टेबलावर काकाची जुनी बाटली होती, अर्धी भरलेली. म्हणजे आठ महिन्यांत ती संपलीही नव्हती आणि त्याला नवीन कुणी दिलीही नव्हती. मी काकाला सगळं सांगितलं, बाजूला घेऊन बाबा काय म्हणाले ते, आणि मी किती खूश झाले होते तेही. लपवून काय करणार होते? काउंटरच्या खणात, पावत्यांच्या मागे, दुसरी बाटली सापडली. उघडून वापरलेली.

बाबा परतले तेव्हा दोन्ही बाटल्या आम्ही काउंटरवर ठेवल्या होत्या. त्यांनी बाटल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. काकाकडे बघितलं नाही.

"फार काही नाही," ते म्हणाले. "ज्यांच्या मशीनला काही झालेलं नसायचं, नुसतं वार्षिक सफाईला यायचं, तीच फक्त. बाहेरून स्वच्छ करून द्यायचो. लोक किती दिवस थांबणार? याचं आपलं थांबा, थांबा! दुकान बंद पडलं असतं."

"बाबा, तुम्ही त्याला विसराळू ठरवलंत," मी ओरडले. त्यांच्यावर मी आवाज चढवला ती पहिली वेळ.

"मग काय सांगणार होतो?" बाबा म्हणाले. हे मात्र अगदी खरं बोलले असावेत.

काका माझ्याकडे वळला. मला म्हणाला, "फोनची वही काढ."

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघं घरोघर हिंडलो. चौथे मजले, तळघरं, एका बोटीवरचं स्वयंपाकघरसुद्धा. मी बेल वाजवायचे, काका हत्यारांची पेटी घेऊन मागे. झाकण उचलायचं आणि बघायचं. सुरकुतलेला ठिपका असला की काकाच्या तोंडून "हं" निघायचं आणि आम्ही निघायचो. गुळगुळीत असला की तो कोट काढायचा आणि तिथेच कामाला बसायचा. बाबांचं 'फार काही नाही' म्हणजे त्रेसष्ट मशीनं निघाली. एका घरी आठवीतली मुलगी सकाळी आईबापांसाठी कॉफी करायची. तिच्या मशीनमधून काढलेला खडा काका खिशात घालून फिरायचा, टाकत नसे.

डॉक्टरबाईकडे तो एकटा जायला तयार नव्हता, म्हणून मी गेले बरोबर. त्यानं सांगितलं की मशीन तपासलंच नव्हतं, ठिपका खोटा होता.

"म्हणजे तुम्ही लावलाच नव्हता?" तिनं विचारलं. "मग कुणी?"

"दुकानातून लागला."

ती हुशार होती, दुकानात कोण कोण असतं तिला माहीत होतं. "मग तुमची काय चूक?" म्हणाली.

"खूण माझीच होती ना," काका म्हणाला. बाईनं डाव्या हातानं त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

वहीतली सगळी नावं संपली. शेवटच्या दिवशी काका पेटी उचलून आमच्या घराच्या दिशेनं चालू लागला. मी म्हटलं, "आमचं कशाला? घरचं आहे."

"ते वहीत नाही," तो म्हणाला. "पण गेल्या हिवाळ्यात दुकानातून होऊन आलं होतं. माझ्याकडे आलं नव्हतं."

आई स्वयंपाकघरात होती, बाबा टेबलाशी पेपर घेऊन. काकाला बघून ते उठले, पुन्हा बसले. काकानं कुणाला न विचारता मशीनचं झाकण उचललं. मी दिवा धरला नाही, गरजच नव्हती. ठिपका दुरूनही चकाकत होता. गोल आणि गुळगुळीत.

रोज सकाळी सहा वाजता आई त्या मशीनसमोर उभी राहायची. पहिला कप बाबांचा.

"मला वाटलं, घरचंच तर आहे," बाबा म्हणाले. "नंतर करू म्हटलं. राहून गेलं." सगळी गोष्ट आईला माझ्याकडून कळली होतीच, फक्त त्यात आपणही आहोत हे तिला आत्ता कळत होतं. तिनं ओट्याचा कोपरा धरला.

काकानं कोट काढला. मशीन उघडलं, व्हॉल्व्ह धुतला, बसवला, पंचवीस मिनिटं तापवलं. मग आंधळी चाळणी घातली. दहा वेळा पंप, दहा वेळा फुस्स, दहा वेळा त्याचा उघडा हात.

"भाऊजी," आई शेवटी म्हणाली, "ठिपका लावायचा राहिला."

"नाही लावणार, वहिनी. आता त्यावर माझाच विश्वास नाही." त्यानं पंप पुन्हा चालवला, थांबवला. "तुम्ही काढा हँडल. मी खाली हात धरतो." फुस्स झालं. आईनं हँडल फिरवून काढलं. काकाचा हात कोरडाच राहिला. त्यानं जुनी बाटली खिशातून काढून माझ्यापुढे ठेवली. "तुझी आहे," म्हणाला. पुढं तो शिंप्याच्या माडीवर एका खोलीत काम करायचा, तेव्हाही प्रत्येक गिऱ्हाइकाकडून असंच हँडल काढून घ्यायचा, खाली स्वतःचा हात धरून. खूण त्यानं पुन्हा कधी केली नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी त्यानं कोट घातला, पेटी उचलली, आणि दारापर्यंत गेला. बाबा मागून म्हणाले, "सोमवारी येशील ना रे दुकानात? चुकलो मी. झालं ना आता सगळं नीट?"

काका वळला. त्याला दोन वाक्यं सलग बोलायला घाम फुटायचा, हे मी सांगितलंच आहे. त्या दिवशी फुटला नाही.

"मशीनांचं जाऊ दे, दादा. घाई झाली, चुकलास, समजलं मला," तो म्हणाला. "पण मला त्या डॉक्टरकडे नेलंस. मी आत घड्याळाचं चित्र काढत होतो. काटे कुठे काढायचे ते भीतीनं आठवेना. मधे एकदा मी बाहेर आलो आणि तुला विचारलं, दादा, मला वेड लागतंय का? तू माझा कोट मांडीवर घेऊन बसला होतास. तुला सगळं माहीत होतं. आणि तू म्हणालास, बघू या, डॉक्टर काय म्हणतात ते."

बाबांनी पेपरची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. काका जिना उतरून गेला. आईनं मशीनखाली दोन कप ठेवले, एक तिचा, एक माझा.